भोंग्याला न भिणारा कुत्रा

आमच्या दवाखान्यात कुत्रा हा पेशंटच नव्हता. गाय, बैल, म्हैस, शेळी आणि झालंच तर कोंबडी, एवढ्यांसाठी सरकार मला पगार देत होतं. कुत्र्याला काही झालं तर लोक त्याला हळद लावत, नाहीतर देवावर सोडत. त्यामुळे माझ्या सगळ्या नोकरीत कुत्र्याची म्हणून सांगण्यासारखी एकच केस आहे, आणि तीही सुई न टोचता केलेली.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. नाव भारदस्त आहे, पण हा डॉक्टर नव्हे. डॉक्टर तुमसरला बसायचे आणि महिन्यातून एखाद्या वेळी जीपने यायचे. उरलेले दिवस आंबागडच्या पायथ्याच्या सात-आठ गावांना मीच डॉक्टर. लोक मला 'ढोरडाक्टर' म्हणत. सुरुवातीला ते मला टोचायचं, पुढे सवय झाली, आणि आता कुणी म्हणत नाही तर चुकल्यासारखं होतं. काम म्हणाल तर पावसाळ्याआधी घटसर्पाच्या आणि फऱ्याच्या लसी टोचायच्या, गोऱ्हे खच्ची करायचे, कोवळं गवत खाऊन बैल फुगला की नळीने त्याच्या घशात तेल ओतायचं, गाईची वार अडकली की कोपरापर्यंत हात घालून काढायची. काचेच्या सिरिंजा स्टोव्हवर उकळून घ्याव्या लागत. लस थर्मासमध्ये बर्फात ठेवून एसटीने आणायची. थर्मास मांडीवर घेऊन बसलो की शेजारचा हमखास विचारायचा, "चहा हाये का जी त्यात?"

जनावर डोळ्यांपेक्षा कानांनी जगतं, हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही. एका म्हशीने शिकवलं. ती अचानक पान्हा सोडेना. मी सड तपासले, ताप पाहिला, कॅल्शियम दिलं, म्हैस ढिम्म. शेवटी घरच्या म्हातारीने सांगितलं की रोज दूध काढणारी सून माहेरी गेली आहे. मी म्हटलं, सुनेच्या बांगड्या घरात असतील तर घाला आणि बसा. म्हातारीने आधी मला वेड्यात काढलं. मग सुनेच्या काचेच्या बांगड्या कशाबशा मनगटात चढवून ती बसली, आणि बांगड्या किणकिणल्याबरोबर म्हशीने पान्हा सोडला. म्हातारी मात्र खट्टू झाली. "इतके वर्स मी वैरन टाकली, अन् हिले सून गोड वाटते," म्हणाली.

हे सत्तर सालानंतरच्या दशकातलं. आणीबाणी उठली होती, गावात वीज आली होती पण ती पाहुण्यासारखी येऊन जाऊन असायची. माझी बायको आणि दोन मुली पवनीला, माझ्या आईवडिलांकडे होत्या. मुलींची शाळा तिथे, शिवाय या क्वार्टरमध्ये बिऱ्हाड करावं असं काही नव्हतंच. एक खोली दवाखान्याला, एक मला. मागे वड आणि त्यावर वटवाघळं. पंधरा दिवसांनी घरी जायचो, आणि परत आलो की कुलूप काढताना जीव कोमेजून जायचा. दिवसा लोक असत, ढोरं असत. संध्याकाळी पाच वाजता शेवटचा बैल खोड्यातून, म्हणजे जनावर अडकवायच्या चौकटीतून, सुटला की बोलायला कुणी नसे. मी रॉकेलचा स्टोव्ह पेटवून भात टाकायचो. त्या स्टोव्हचा फर्रर्र आवाज मला आवडायचा, कारण तो चालू असेपर्यंत खोलीत काहीतरी चाललंय असं वाटायचं. लग्नात सासऱ्यांनी दिलेला कुकर होता, पण एकट्या माणसाला कुकर कशाला, म्हणून तो खोक्यातच पडून होता.

एके दिवशी, पोळा नुकताच झाला होता, एक बाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. सोबत जनावर नव्हतं. मी ओळखलं, ती इस्तारीबाबाची सुमन. तुमसरला दिली होती. नवरा एका राईस मिलमध्ये मिस्त्री होता.

"भाऊ," ती म्हणाली, "भेव जायची सुई असते का?"

"कोणाचं भेव?"

"बाबाच्या कुत्र्याचं. भुऱ्याचं."

मी हसलो. ती हसली नाही. खाली बघत म्हणाली, "नसन तं मंग दुसरी द्या. जीव जायची."

मग तिने सगळं सांगितलं. इस्तारीबाबा घरात एकटा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा नव्हता. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि एक डोळा तर ऑपरेशन होऊनही बिघडलेला. आदल्या महिन्यात विहिरीवर पाय सटकला. गडगडीचा दोर हातात होता म्हणून वाचला. सुमन त्याला तुमसरला न्यायचा हट्ट धरून बसली होती. बाबाचं एकच म्हणणं, भुऱ्या आला तर मी येईन. आणि भुऱ्याचं असं की त्याला आवाज सोसत नव्हता. उन्हाळ्यात सुमनने दोघांनाही नेऊन पाहिलं. तिचं घर मिलच्या भिंतीला लागून. ट्रक, भोंगा, घरात रेडिओ. पहिल्याच सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि भुऱ्या दोर तोडून पळाला. दोन दिवसांनी गावात सापडला, पायांतून रक्त येत होतं. बाबा त्याच दिवशी मागोमाग परत आला.

"मी पापीन नाई भाऊ," सुमन डोळे पुसत म्हणाली. "पन बाबा विहिरीत पडले तं? कुत्र्यापायी बाप जाऊ देऊ का?"

मी तिला म्हटलं, धान निघेपर्यंत थांब. धान कापून मळून झालं की मिलचा ट्रक पोती न्यायला येणारच होता; त्याच ट्रकने बापाला न्यायचं असा तिचा बेत होता. "तोवर पाहतो मी. तोवर सुईचं नाव काढू नको." ती उठली. जाताना म्हणाली, "तोवरच हां भाऊ." तिचं बोलणं मला पटत होतं, हेच वाईट होतं.

इस्तारीबाबाला सगळा तालुका ओळखायचा. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, एकेकाळी त्याच्या जोडीचा दबदबा होता. उंच, काटक, आणि बोलणं असं की समोरच्याला बैल समजूनच बोलतोय. मी गेलो तेव्हा तो छपरीत बाजेवर बसला होता.

"या जी डाक्टर. सुमीनं धाडलं ना? माया कुत्र्याले मारायले आले का जगवायले?"

"पाहायला आलो."

"मंग पाहा. दिसला तं सांगजा."

भुऱ्या दिसत नव्हता. गोठ्यात गव्हाणीच्या मागे धानाचं तणस, म्हणजे पेंढा, रचलेलं होतं, त्यात एक भोक होतं आणि भोकात दोन डोळे. बाबाने कारण सांगितलं तेही बैलाची वंशावळ सांगावी तसं, कोरडेपणाने. आधी कुत्रे दोन होते, एकाच वेतातले भाऊ. भुऱ्या आणि शेऱ्या. आदल्या हंगामात रानडुकरांसाठी कुणीतरी पिठाच्या गोळ्यात बारूद भरून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवली होती. शेऱ्याने गोळा उचलला. भुऱ्या त्याच्या शेजारी उभा होता.

"मंग हे जंगलात गेलं. लय दिवसांनी आलं. तवापासून पाट पडला तरी हागते," बाबा म्हणाला.

"तुम्ही काही करून पाहिलं?"

"पाहिलं तं. पटाच्या बैलाले करतो तसंच."

पटाच्या बैलाला गर्दीचा, डफड्याचा, आरडाओरड्याचा आवाज सोसावा लागतो, नाहीतर तो ऐन वेळी दान, म्हणजे धावायची पट्टी, सोडून माणसांत घुसतो. त्यासाठी इकडे रीत अशी की बैलापुढे ढेप-चुनीचं घमेलं ठेवायचं, तो खायला लागला की मागे डबा वाजवायचा. बैल तासभर खातो. तोंड चालू असतं, घास गोड लागत असतो, आणि आवाज हळूहळू अंगवळणी पडतो. मीही कित्येकांना हे सांगितलेलं होतं. बाबाने भुऱ्यापुढे भाकर ठेवली होती आणि डबा बडवला होता. एकदा नाही, रोज.

"अन् मंग?"

"मंग त्यानं भाकरच सोडली. आता घरचं खातच नाई. गावात कुठं काय भेटन ते."

मी म्हटलं, मला एकदा दाखवा. बाबाने चाचपडत उठून भाताचा गोळा आणला, अंगणात ठेवला. भुऱ्या भोकातून अर्धा बाहेर आला. फासळ्या मोजाव्यात असा झाला होता. त्याला भूक होती, लाळ गळत होती, पण तो भाताकडे बघतच नव्हता. आधी बाबाच्या हातांकडे, मग माझ्या हातांकडे. मग मागच्या पायांवर सरकत पुन्हा तणसात गेला.

मी घरी आलो तरी ती नजर डोळ्यांपुढून हलेना. स्टोव्ह पेटवताना उमगलं. बैल तासभर खातो. कुत्रा एका घासात संपवतो. बैलाला खाणं आणि आवाज एकत्र मिळतात, कुत्र्याला एकापाठोपाठ. आधी घास, मग धडाका. धुऱ्यावर शेऱ्याचं तेच झालं होतं, आणि आम्ही ढोरांची माणसं तोच खेळ रोज अंगणात मांडत होतो. भुऱ्याच्या लेखी जमिनीवर ठेवलेलं अन्न म्हणजे आता काहीतरी फुटणार.

दुसऱ्या दिवशी बाबाला सांगितलं, उलट करू. आधी आवाज, मग घास. घास जमिनीवर नाही, हातातून. आणि आवाज एवढा बारीक की त्याचा नुसता कान हलला पाहिजे.

"एवढा बारीक तं मलेच आयकू येनार नाई," बाबा कुरकुरला.

"तुम्हाला थोडाच ऐकवायचा आहे?"

अंगणाच्या त्या टोकाला बसून मी पितळी लोट्यावर नखाने टिचकी मारली. तणसातला एक कान वळला. मी लगेच उठून भोकाजवळ गेलो, हातावर भाकरीचा तुकडा धरला आणि दुसरीकडे बघत बसून राहिलो. त्याने तो घेतला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे कधीतरी हाताला ओलं नाक लागलं आणि तुकडा गेला. मला काय आनंद झाला सांगू! अडलेली गाय मोकळी झाल्यावरही इतका झाला नसेल.

मग माझी संध्याकाळ ठरून गेली. दवाखाना बंद केला की सायकल सरळ इस्तारीबाबाच्या दारात. टिचकी, तुकडा. टिचकी थोडी जवळून, तुकडा. लोट्यावर चमचा, तुकडा. एखाद्या आवाजाला भुऱ्या आत पळाला तर आम्ही समजायचो की आमचीच घाई झाली, आणि पुन्हा मागचा आवाज घ्यायचो. त्याला बांधायचं नाही, ओढून काढायचं नाही, चुचकारायचंही नाही. आणि तणसातलं ते भोक कधी बुजवायचं नाही. पळायला जागा आहे हे कळलं, म्हणून तो थांबायला शिकला. हे मी तेव्हा नुसतं करत होतो, त्याचा अर्थ पुढे लागला.

लोक गंमत बघायला येत. एक शेजारी मला म्हणाला, "डाक्टर, सरकार तुमाले लोटा वाजवाचा पगार देते का जी?" मी म्हटलं, लोटा वाजवण्याचा भत्ता वेगळा आहे.

एकदा मी तो खोक्यातला कुकर काढला आणि सायकलला बांधून बाबाकडे नेला. शेवटी भुऱ्याला शिट्टीशीच दोस्ती करायची होती. पहिल्या दिवशी कुकर लांब, गोठ्याच्या पल्याड मांडला. शिट्टी झाली. भुऱ्या भोकात गेला, आणि इस्तारीबाबा बाजेवरून असा उडाला की त्याचा हात भिंतीला लागून सोलपटला. मी पोट धरून हसलो. तोही हसला, पण उशिरा.

पुढे पुढे कुकर जवळ आला. आता शिट्टी झाली की झाकण पडल्यावर पहिला गरम घास भुऱ्याचा, फुंकून. मग आम्ही दोघं त्याच भाताला बसायचो. वरण, मिरची, कधी बाबाने शेजारून मागून आणलेली तलावाची मासोळी. बाबा पटाच्या गोष्टी सांगायचा. कोणता बैल कुणाला हुलकावणी देऊन गेला, कोणत्या पाटलाने कशी लबाडी केली. मी पवनीच्या मुलींचं सांगायचो. भुऱ्या मधे बसून दोघांच्या हातांकडे बघायचा. ते बघणं आता वेगळं होतं. खरं सांगायचं तर मला घाई नव्हती. धान निघू नये, ट्रक येऊ नये, हे असंच चालू राहावं असं मला वाटे. त्या गावात माझं असं तेवढंच होतं.

मधेच गाडी अडायची. दोनदा असं झालं की भुऱ्या चांगला निर्धास्त बसलेला असताना बाबाच्या हातून लोखंडी बादली फरशीवर पडली. धाडकन. भुऱ्या भोकात, आणि आठ-दहा दिवसांची कमाई पाण्यात. मी चिडलो, पण बोलणार काय? आंधळ्या होत चाललेल्या माणसाच्या हातून बादली सुटणारच. बाबा नुसतं म्हणायचा, "जाऊ द्या जी. नसन त्याच्या नशिबात." आणि मी पुन्हा नखाच्या टिचकीपासून सुरुवात करायचो. माझ्यातली चिकाटी जरा जास्तच होती.

दिवाळीत फटाके वाजले तेव्हा भुऱ्या दिवसभर तणसात होता. संध्याकाळी दिवाळीच्या रिवाजाप्रमाणे गाय खेळवत फिरणाऱ्या गुराख्यांची डफडी दारावरून गेली. मला वाटलं, आटोपला कारभार. पण डफडी गल्लीच्या वळणावर जाताच तो आपण होऊन बाहेर आला, थरथरत होता, आणि माझ्यासमोर येऊन बसला. आवाज झाला, आता घास आणा. मी बाबाला हाक मारली, "बाबाजी, पास झाला हो तुमचा भुऱ्या!"

"बरं झालं," बाबा म्हणाला, आणि बाजेवर आडवा झाला. जेवायला उठला नाही.

धान निघालं. खळ्यावरच पोती शिवली. मिलचा ट्रक घेऊन जावई आला, सोबत सुमन. ट्रक चालू झाला तेव्हा सगळं घर थरथरलं. भुऱ्याचे कान मागे गेले, शेपूट पोटाखाली गेलं. त्याने गोठ्याकडे पाहिलं. सुमन माझ्याकडे बघत होती, मी कुठेच बघत नव्हतो. मग तो पुढे आला, ट्रकच्या चाकाचा वास घेतला आणि जावयाने हाक मारताच उडी मारून पोत्यांवर चढला. तिथून आमच्याकडे तोंड करून बसला, घासासाठी. सुमन रडायलाच लागली. माझे पाय धरायला वाकली. मी बाजूला झालो. आपण एक जीव वाचवला याचा अभिमान वाटत होता, आणि ट्रक निघू नये असंही वाटत होतं.

इस्तारीबाबाने स्वतः कुलूप लावलं. मग हाताने भिंत चाचपत घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. जावयाने हॉर्न दिला तेव्हा वळला. मला म्हणाला, "तुमी लय मेहनत केली जी." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी सायकल सवयीने त्याच गल्लीत वळली. दाराला कुलूप. अंगणात तणसाच्या काड्या आणि एक शेळी. मी खाली न उतरताच परत फिरलो. पुढे थंडी पडली. पाच वाजता खोडा रिकामा व्हायचा आणि त्यानंतर बोलण्यासारखं मला काही उरायचं नाही. बायकोला सांगून पाहिलं, तर ती म्हणाली, "एक कुत्रं पाळा ना तुम्ही." तिचं चुकलं नव्हतं.

संक्रांतीनंतर लसीच्या कामाने तुमसरला गेलो होतो. मीटिंग लवकर आटोपली, म्हणून मिलच्या बाजूचं सुमनचं घर शोधत गेलो. हवेत कोंडा उडत होता. ट्रकांची रांग, हमालांची हाकाटी, धान सडणाऱ्या हॉलरचा धडधडाट. माझ्यासारख्याचंही डोकं उठलं. आणि मिलच्या फाटकात, ट्रकच्या सावलीत भुऱ्या पाय ताणून झोपलेला. अंगाने भरला होता. मी हाक मारली तसा एक डोळा उघडला, उठला, माझ्या पँटचा वास घेतला, दोनदा शेपूट हलवलं आणि सुमनच्या मुलांच्या मागे निघून गेला. मला जरा लागलं. पण बरा झालेला पेशंट डॉक्टरला विसरतोच, तसा धंदाच आहे हा.

सुमनने पाणी दिलं, तिळाची वडी दिली. "बाबा आत हायेत," म्हणाली. "थोडे सुस्त झाले. पन खुशाल हायेत. भुऱ्या रमला ना, मंग तेही रमले."

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. इस्तारीबाबा बाजेवर भिंतीला पाठ लावून बसला होता, खांद्यावरून गोधडी, दोन्ही कानांत कापूस. मी बाजेवर बसलो तसा दचकला.

"कोन?"

"मी जी. ढोरडाक्टर."

त्याने कापूस काढला. माझा खांदा चाचपला. "भुऱ्या पाहिला?"

"पाहिला. झोपला होता, फाटकातच."

"तुमी पक्कं काम केलं." बाहेर कुकरची शिट्टी झाली. त्याची बोटं बाजेच्या काठाला रुतली, आणि शिट्टी थांबल्यावरही तशीच राहिली. मग तो हळूच म्हणाला, "डाक्टर, ते बादली आठोते का तुमाले?"

"आठवते ना."

"सुटली नोती जी. सोडली होती."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "दोन्ही वेळा?"

"दोनी वेळा. तिसऱ्या खेपेलेही सोडनार होतो. पन तो बसला होता माया हाताकडं पाहून. आता बाबा घास देईन म्हनून. मंग मायाच्यानं झालं नाई."

"पण काहून बाबाजी?" माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

"भेव मलेच लागते जी या घराचं. तुमी हासान. डोये गेल्यावर आवाज कुठून येते तेच समजत नाई. गावात मले माहीत होतं, हे गडगडी, हे गोठ्याचं दार, हे शेजारीन खोकलते. इथं सारं अंगावरच येते. उन्हाळ्यात आलो तवाच समजलं. तवा भुऱ्या पळाला, म्हनून मलेही पळता आलं." त्याने हातातला कापूस चुरगळला. "आता लेकीले कसं सांगू, का तुया कुकरच्या शिट्टीनं बापाचं काळीज हालते? पटात हजार मानसाच्या मधात जोडी हाकलनारा मी. म्हनून कुत्र्याचं नाव सांगत होतो. तुमी माया बहानाच नेला."

हे तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "मी सुमनला समजावून सांगतो."

"नोको. दिवसभर मरते ते बिचारी. पयला घास माया ताटात वाढते. तिले वाटते बाप सुखात हाये. वाटू द्या."

कुत्र्याच्या बाबतीत मला सगळं ठाऊक होतं. आवाज दुरून सुरू करावा, हळूहळू जवळ आणावा, मागे पळायला भोक ठेवावं. पण या खोलीत दूर म्हणून जागाच नव्हती. मिलची भिंत हीच खोलीची भिंत होती. आणि त्याच्या पळायच्या घराला त्याने स्वतः कुलूप लावलं होतं. एवढे महिने मी त्याच्या अंगणात बसलो, त्याच्या ताटात जेवलो, कुकरच्या शिट्टीला तो उडाला तेव्हा हसलो. तुम्हाला कशाची भीती वाटते, हे त्याला विचारावं असं ना लेकीच्या मनात आलं, ना माझ्या.

तेवढ्यात मिलचा भोंगा झाला. भोंगा म्हणजे काय, ते भिंतीपलीकडे बसल्याशिवाय कळायचं नाही. ताटली हलते, दात हलतात. इस्तारीबाबाने माझा हात धरला. पटाच्या बैलांची वेसण धरलेला हात होता तो. माझी बोटं कळवळली. बाहेर मुलं खेळत होती, त्यांच्यात भुऱ्या भुंकत होता, मजेत.

भोंगा थांबला. हात सुटला नाही.

"जा जी आता," तो म्हणाला. "तुमची शेवटची बस चुकन."

मी हो म्हटलं. हात तसाच होता. मी उठलो नाही.